ओकच्या पिंपातली शार्डोने : प्रस्तावना

ओकच्या पिंपात मुरलेल्या शार्डोनेचा ग्लास नाकाशी नेला की कोणते वास यावेत, याची यादी वाइनच्या पुस्तकांत ठरून गेलेली आहे: व्हॅनिला, नारळ, लवंग, जायफळ, लोणी, भाजलेले बदाम. नाशिकच्या किंवा सोलापूरकडच्या एखाद्या वायनरीत चव घ्यायला बसलेली मराठी मंडळी ही यादी ऐकतात आणि गप्प होतात. हे आपले काम नव्हे, यासाठी वेगळे नाक लागते, असा समज करून घेतात. मला या समजाचे फार वाईट वाटते. त्या यादीतले कितीतरी जिन्नस कोकणात गुहागरला एकाच वाडीत, एकमेकांच्या सावलीत वाढतात. माडाखाली जायफळ, पोफळीवर चढलेली मिरी, कडेला दालचिनी. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मसाल्याची आंतरपिके घेण्याची ‘लाखी बाग’ बागायतदारांपुढे ठेवली. अशा बागेतून जो रोज फिरतो, त्याचा ओकच्या वासांचा अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो.

हे पुस्तक अशा वाचकासाठी आहे. वाइन प्यावी असा प्रचार करण्याचा माझा हेतू नाही. ज्या घरात ती येत नाही तिथे ती यावी, असेही मला म्हणायचे नाही. पण महाराष्ट्रातला शेतकरी वाइनची द्राक्षे लावतो, इथलेच लोक ती तोडतात, गाळतात, मुरवतात. त्या मालाची पारख मराठीत, आपल्या नाकाने आणि आपल्या जिभेने व्हावी एवढीच माझी इच्छा आहे. शार्डोने निवडली याचे कारण असे की पिंपाच्या लाकडाचा परिणाम इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी पांढरी द्राक्षे मला माहीत नाहीत. सोव्हिन्यों ब्लाँ किंवा रीसलिंग यांना स्वतःचा दांडगा वास असतो. शार्डोनेचा मूळ वास सौम्य. ती जिथे वाढली तिथल्या हवेचा आणि ज्यात ठेवली त्या भांड्याचा गुण ती निमूटपणे घेते.

आधी लाकडाकडे वळू, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

वाइनच्या पिंपासाठी मुख्यतः तीन जातींचा ओक वापरतात. त्यातल्या दोन युरोपातल्या आणि एक अमेरिकेतली, पांढरा ओक. आपल्या सह्याद्रीत ओक नाही. त्याचा भारतातला नातलग म्हणजे हिमालयातला बांज. ओकचे लाकूड वाकते, गळत नाही, आणि त्याच्या छिद्रांतून हवा अगदी सावकाश आत जाते. युरोपातला ओक रेषेवर फोडूनच फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर पिंप पाझरते. त्यामुळे एका ओंडक्यातून फळ्या कमी निघतात. अमेरिकन ओकच्या नळ्या आतून घट्ट बुजलेल्या असतात, म्हणून तो करवतीने कापला तरी चालतो. फ्रेंच पिंप महाग पडण्याचे एक कारण हेच. फळ्या उघड्यावर दोन-तीन वर्षे ऊन-पाऊस खात पडून राहतात आणि त्यांतला कडवट तुरटपणा धुऊन जातो. मग कारागीर त्या लोखंडी पट्ट्यांत उभ्या करतो, मध्ये विस्तव ठेवून वाकवतो आणि आतली बाजू हलकी, मध्यम किंवा कडक भाजतो. बोर्दोचे पिंप २२५ लिटरचे, बर्गंडीचे २२८ लिटरचे. हल्ली ५०० लिटरची पिंपेही बरीच दिसतात. पिंप जितके मोठे तितका वाइनला लाकडाचा स्पर्श कमी.

आता वास. ओकमध्ये लॅक्टोन नावाचे एक द्रव्य असते आणि त्याचा वास सरळ नारळाचा येतो. अमेरिकन ओकमध्ये ते भरपूर, फ्रेंचमध्ये बेताचे. इथे कोकणातल्या माणसाला जे बारकावे जमतात ते इतरांना जमणे कठीण. नारळाचा वास म्हणजे कुठला? शहाळ्याच्या मलईचा, विळीवर खवताना येणारा ओल्या खोबऱ्याचा, वाटीतल्या सुक्या खोबऱ्याचा, वाटपासाठी तव्यावर भाजलेल्या खोबऱ्याचा, की बाटलीत थिजलेल्या खोबरेलाचा? हे पाच वास वेगळे आहेत आणि गुहागरातले शाळकरी पोरही ते डोळे मिटून ओळखेल. नव्या अमेरिकन पिंपाचा जोर अंगावर आला की वाइनला खोबरेलाचा वास मारतो. पिंप नीट भाजलेले असेल तर तो भाजल्या खोबऱ्याकडे झुकतो. चांगल्या फ्रेंच पिंपातल्या वाइनमध्ये तो शहाळ्याच्या मलईइतका हलका, घोट गिळल्यावर मागाहून येतो. परदेशी पुस्तकांत या सगळ्यासाठी ‘नारळ’ एवढा एकच शब्द आहे. आपल्याकडे पाच आहेत आणि ते वापरावेत, असा माझा आग्रह आहे.

लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो ते लवंगेत असते, दालचिनीच्या पानात असते आणि ओकमध्येही असते. व्हॅनिलाच्या शेंगेतले व्हॅनिलिन ओकमध्ये आहे आणि फळी भाजल्यावर ते वाढते. कडक भाजलेल्या पिंपातून धुराचा वास उतरतो. मध्यम भाजलेल्या पिंपातून बदामाचा, कॅरॅमलचा उतरतो. माझ्या मते ‘भाजलेले बदाम’ यापेक्षा चुलीतल्या निखाऱ्यात भाजलेली फणसाची आठळी हे वर्णन जास्त नेमके आहे, कारण तिच्या वासात गोडूसपणा, पीठूळपणा आणि सालीचा किंचित करपटपणा तिन्ही एकदम असतात.

लोण्याचा वास मात्र लाकडाचा नव्हे, आणि हे पुस्तक वाचून वाचकाच्या मनात एवढी एक गोष्ट पक्की बसली तरी माझे काम झाले. द्राक्षात मॅलिक आम्ल असते, हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देणारे. साखरेची दारू झाल्यानंतर एक जिवाणू त्या आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतो आणि तसे करताना डायअॅसिटिल तयार होते. आपण विरजण लावून दही घुसळतो आणि लोणी काढतो, त्या ताज्या लोण्याचा वास याच डायअॅसिटिलचा. म्हणजे वाइनमधले लोणी नावापुरते नाही. द्रव्य तेच आहे. ही दुसरी आंबवण स्टीलच्या टाकीतही होऊ शकते आणि पिंपातली वाइन तिच्यावाचूनही ठेवता येते. लोण्याचा वास आला म्हणून ‘ओक फार झाला’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी नारळ आणि लवंग शोधावी, मग लाकडाबद्दल बोलावे.

तिसरी बाब गाळाची. किण्वन संपले की मेलेले यीस्ट पिंपाच्या तळाशी बसते. कारागीर काठीने ते अधूनमधून ढवळतो. त्याने वाइनला अंग येते, साईसारखा मऊपणा येतो, पावाचा वास येतो.

इथेच दोन पद्धतींचा फरक कळतो. काही वायनरी रस स्टीलमध्ये आंबवतात आणि तयार वाइन पिंपात भरतात. काही रसच पिंपात घालून तिथेच आंबवतात. दुसऱ्या पद्धतीत लाकूड जास्त वेळ लागते, म्हणून वास जास्त भडक होईल असे वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. काम करणारे यीस्ट व्हॅनिलिनचे रूपांतर जवळजवळ बिनवासाच्या द्रव्यात करते आणि तळचा गाळ लाकडाचा काही अंश शोषून घेतो. पिंपात आंबवलेल्या शार्डोनेत म्हणूनच फळ आणि लाकूड एकजीव झालेले लागतात, तर नंतर भरलेल्या वाइनमध्ये लाकूड वरून चोपडल्यासारखे वेगळे राहते. बाटलीवर ‘बॅरल फर्मेंटेड’ आणि ‘बॅरल एज्ड’ असे दोन निरनिराळे शब्द दिसतात ते यासाठी. पिंप नवे की जुने हेही विचारावे. पहिल्या वापरात ते सर्वांत जास्त देते, तीन-चार हंगामांनंतर वासाच्या दृष्टीने जवळजवळ रिकामे होते, तरी हवेचा सावकाश वावर चालूच राहतो. स्वस्त वाइनमध्ये पिंपाऐवजी ओकचे तुकडे टाकीत सोडतात. युरोपीय संघाने २००६ मध्ये त्याला परवानगी दिली. त्यातून वास येतो, अंग येत नाही.

पुरणपोळीत जायफळ असते तसा ओक शार्डोनेत असावा. नसले तर कुणीतरी विचारते, जास्त झाले तर पुरण संपते आणि जायफळच उरते. माझी कसोटी एवढीच आहे: डोळे मिटून घोट घेतल्यावर आधी फळ लागले पाहिजे.

ही कसोटी जगाने फार फिरून मान्य केली, म्हणून तो इतिहास थोडक्यात सांगतो. शार्डोनेचे घर फ्रान्समधले बर्गंडी. १९९९ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले की ती मानाच्या पिनोची आणि गुए ब्लाँ नावाच्या हलक्या समजल्या जाणाऱ्या द्राक्षाची लेक आहे. बर्गंडीच्याच उत्तरेला शाब्ली आहे. तिथली बरीच वाइन स्टीलमध्ये होते आणि लिंबू, ओला दगड, समुद्राची खार असा तिचा कल असतो. दक्षिणेला मेर्सो आणि प्युलिन्यी येथे पिंपात आंबवण्याची जुनी रीत आहे. कॅलिफोर्नियात फ्रेंच ओकच्या पिंपात वाइन मुरवण्याची रीत हॅन्झेल या वायनरीने १९५७ च्या हंगामापासून नेली. तिचे मालक जेम्स झेलरबाख बर्गंडीचे भक्त होते आणि त्यांनी पिंपे थेट फ्रान्सहून मागवली. पुढे २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिये यांनी नावे झाकून चाचणी घेतली. फ्रेंच परीक्षकांनी पांढऱ्या वाइनमध्ये पहिला क्रमांक कॅलिफोर्नियातल्या शातो माँटेलिनाच्या १९७३ च्या शार्डोनेला दिला.

त्या विजयातून जो धडा घेतला गेला तो चुकीचा होता, असे माझे ठाम मत आहे. माँटेलिनाची शार्डोने लोण्याची नव्हती. ती दुसरी आंबवण तिथे होऊ देत नसत आणि लाकूडही बेताचे होते. पण नंतरच्या दोन दशकांत कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातून जी लाट आली ती सोनेरी, जड, लोणी आणि व्हॅनिलाने थबथबलेली. लोकांना ती फार आवडली आणि मग तितकीच नकोशी झाली. ‘शार्डोने सोडून काहीही द्या’ ही घोषणा त्याच काळातली. आज दोन्हीकडचे चांगले कारागीर द्राक्षे थोडी लवकर तोडतात, मोठी आणि जुनी पिंपे वापरतात. काहींच्या वाइनमध्ये नुकत्याच ओढलेल्या काडीचा, गंधकासारखा वास मुद्दाम ठेवलेला असतो. तो माझ्या आवडीचा आहे, सर्वांना आवडेलच असे नाही.

आता आपल्याकडे. पुण्याजवळ नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजने १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन केली आणि ती परदेशी पाठवली. महाराष्ट्रात शार्डोनेची ओळख या फेसाळ वाइनच्या निमित्ताने झाली. पुढे नाशिकला सुला वायनरीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस वेली लावल्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तर १९९७ पासून आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही नाशिकचे नाव झाले ते शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँवर. शार्डोने मागेच राहिली. दिंडोरीच्या शांदों वायनरीत ती फेसाळ वाइनसाठी वापरली गेली.

पिंपातल्या शार्डोनेचा इथला खरा प्रयत्न पाहायचा तर सोलापूर जिल्ह्यात, अकलूजजवळच्या मोटेवाडीला जावे. फ्रातेल्ली ही वायनरी भावांच्या तीन जोड्यांनी उभी केली: अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की. तोस्कानाचे पिएरो मासी त्यांचे वाइनकार. ज्वारीच्या आणि उसाच्या त्या मुलखात त्यांनी युरोपातली कलमे लावली आणि ‘विटे’ या नावाने ओकच्या पिंपातली शार्डोने बाजारात आणली. द्राक्षाला अजिबात सोपी नसलेल्या हवेत हे झाले, म्हणून त्याचे मोल मला जास्त वाटते.

ही अडचण समजून घेण्याजोगी आहे. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा कात्री लावतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. फळ जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत उतरते, म्हणजे उन्हाळा दाराशी आलेला असताना. शार्डोने लवकर पिकणारी जात; फेब्रुवारीच्या उन्हात तिची साखर भराभर चढते आणि मॅलिक आम्ल तितक्याच भराभर जळते. फळाचा वास अननसाकडे, पाडाच्या आंब्याकडे जातो. पपनसाच्या सालीसारखा जो करकरीतपणा थंड मुलखात सहज मिळतो तो इथे तोडणीची वेळ साधून, पहाटे थंडाव्यात फळ उतरवून राखावा लागतो. अशा वाइनमध्ये दुसरी आंबवण पूर्ण होऊ दिली तर उरलासुरला आंबटपणा जातो. वरून नवे, कडक भाजलेले पिंप दिले तर घोट गोडसर, जड आणि मेंगळट होतो. दख्खनच्या शार्डोनेला पिंपातच आंबवावे, पिंपे बहुतांशी जुनी किंवा मोठी असावीत आणि लोण्याला आवर घालावा, असे मला वाटते. याच्या उलट वाटेने केलेल्या इथल्या बाटल्यांवर ‘रिझर्व’ लिहिलेले असले तरी त्यांनी मला समाधान दिलेले नाही. त्या शब्दावरून लाकडाचा अंदाज करता येत नाही, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

गुहागरात वाइनची द्राक्षे होणार नाहीत. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि समुद्राची दमट हवा त्यांना सोसणार नाही. आंबवणे मात्र इथे नवे नाही. भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढून माडी उतरवली आहे. पहाटे गोड असलेली माडी दुपारपर्यंत आंबते आणि तिचा विचार त्याच दिवशी करावा लागतो. पिंपातली वाइन आठ-दहा महिने थांबायला लावते. दोन्हींत काम करणारे यीस्टच.

आणि इथल्या ताटात या वाइनला जी जागा आहे ती मला इतरत्र क्वचित दिसली. ओल्या काजूची उसळ घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये, दख्खनवर द्राक्षे उतरत असतात तेव्हाच कोकणात ओले काजूगर येतात. गराचा दुधाळ गोडवा, वाटलेले ओले खोबरे, मिरची जेमतेम. यापुढे पिंपातली शार्डोने ठेवली की लाकडातला नारळ आणि वाटणातला नारळ एकमेकांना ओळखतात. मासे खाणाऱ्यांसाठी नारळाच्या रसातली कोलंबी किंवा नुसते मीठ-हळद लावून परतलेले पापलेट. वालाचे बिरडेही छान जमते. तिखटजाळ कालवणासोबत मात्र ही वाइन घेऊ नये, कारण तिखटामुळे मद्याची आग वाढते आणि ओक कडू लागतो. सोलकढी आणि ही वाइन एका जेवणात नको. कोकमाच्या आंबटपणापुढे ती मिळमिळीत वाटते आणि दोघींचाही अपमान होतो.

पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने एक तयारी करावी. चार वाट्या घ्याव्यात: एकीत ओले खवलेले खोबरे, एकीत भाजलेले सुके खोबरे, एकीत घरचे ताजे लोणी, एकीत किसलेले जायफळ आणि एक ठेचलेली लवंग. बिनओकची आणि ओकची अशा शार्डोनेच्या दोन बाटल्या असल्या तर उत्तम. चार-सहा जणांनी मिळून घेतल्या तर खर्चही वाटला जातो. फ्रिजमधून काढलेली बाटली वीसेक मिनिटे बाहेर ठेवावी. फार गार असताना लाकडाचे वास मिटून राहतात. १० ते १३ अंश हे तापमान बरे. आधी वाट्या हुंगाव्यात, मग ग्लास, मग पुन्हा वाट्या. जे जाणवेल ते आपल्या शब्दांत लिहून ठेवावे. माझ्या वर्णनाशी ते जुळले नाही तर आपल्या नाकावर विश्वास ठेवावा.

विकत घेताना बाटलीवरचे साल पाहा. आपल्याकडची पिंपातली शार्डोने दोन-तीन वर्षांच्या आत प्यायलेली बरी. कोकणात ती माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात साठवू नका, मे महिन्याचा उकाडा एका हंगामात तिचा निकाल लावतो. घरात थंड जागा नसेल तर सरळ फ्रिजमध्ये ठेवा. आणि दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली, तिच्यावर कितीही सवलत असली, तरी घेऊ नका.